कोमट मिठाचं पाणी

सोलापूरला जाते आहे म्हटल्यावर मिरजेतल्या आमच्या चर्चच्या तिघींनी शेंगांची चटणी आणायला सांगितली, एकीने चादर. का जाते आहेस, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काहीतरी थाप मारली असती. माझी धाकटी बहीण सुमन अकरा वर्षांपूर्वी सोलापुरात जळून मेली. तिचा नवरा शमुवेल आता लकवा होऊन तिथेच एकटा पडला होता, आणि त्याला क्षमा करायला मी सकाळी सहाच्या एसटीत बसले होते.

सोलापूरचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. म्हणून घरची मोठी बाटली बरोबर घेतली होती. सांगोल्याच्या अलीकडे तिचं झाकण सैल झालं आणि पिशवीतलं बायबल, टॉवेल, पोळीभाजी असं सगळं भिजून गेलं. मी बायबल मांडीवर उघडं धरून वाळवत बसले. शेजारच्या बाईला मी फारच भाविक वाटले असणार.

डाळिंबाच्या बागा मागे पडल्या आणि मंगळवेढ्याची काळी, सपाट जमीन सुरू झाली. ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं (कापलेल्या ताटांचे बुडखे) उभी. तिथेच गाडी पंक्चर झाली. सगळे उतरून बाभळीच्या सावलीला उभे राहिलो.

"सोलापुरात कोन हाय तुमचं?" शेजारच्या बाईने विचारलं.

"बहिणीचा नवरा. लकवा झालाय."

"मग जायाच पायजे की. आपलंच मानूस ते."

मी टायर बसला का ते बघायला पुढे गेले.

चौतीस वर्षं मी नर्स होते. स्टोव्हचा भडका उडाला, असं शमुवेलने पोलिसांना सांगितलं होतं. स्टोव्ह भडकला तर बाई पुढून भाजते. हात, छाती, तोंड भाजतं. सुमनची मानेपासून कमरेपर्यंत पाठ जळाली होती. मी हे कोर्टात सांगितलं. बहीणच ती, असंच बोलणार, असं त्याचा वकील म्हणाला. दुसरा पुरावा नव्हता, तो सुटला.

तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला बाकावरून पुढे पुढे येतो. मनात वैर असेल त्याने तो घेऊ नये, अशी आमची शिकवण आहे. अकरा वर्षं मी प्याला शेजारणीकडे सरकवते आहे. आमचे पाळकसाहेब वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल फार सुंदर उपदेश करतात. त्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं वैर महापालिकेच्या पाणी खात्याशी. मला त्यांचा हेवा वाटतो.

आदल्या आठवड्यात शमुवेलच्या शेजारणीचा फोन आला होता. सुमनच्या गाण्यांच्या पुस्तकात तिला माझा नंबर सापडला होता. "कुनीच न्हाय हो त्याला. हाय तवर येऊन बगून जावा," ती म्हणाली. मी रात्रभर विचार केला. तो मेला तर क्षमा करायची राहून जाईल आणि प्याला जन्मभर सरकवावा लागेल. खरं सांगायचं तर मी स्वतःसाठी निघाले होते.

बारा वाजता सोलापूर आलं. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. रिक्षावाल्या चाचांनी भवानी पेठेत सोडलं. गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट, दोऱ्यांवर टॉवेल वाळत घातलेले. शेजारीण नरसव्वा दारातच उभी होती. माझ्याच वयाची, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, केसांत कापसाचे तंतू. तिने तांब्या पुढे केला. माझा घसा कोरडा पडला होता. मी घटाघटा प्यायले, आणि प्यायल्यावर मला माझा हट्ट आठवला.

शमुवेलची खोली तिच्या घरामागे होती. आत शिरताच चिघळलेल्या जखमेचा वास आला. नर्सला तो वास ओळखावा लागत नाही.

तो उताणा पडला होता. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं. डोळे मात्र तेच. मी खाटेपाशी उभी राहिले आणि गाडीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "शमुवेलराव, मी तुम्हाला क्षमा केली आहे."

 तो बोबड्या आवाजात, एकेक अक्षर ओढत म्हणाला, "कशाबद्दल, अक्का?"

 तिथून निघून तीनची गाडी पकडायची, एवढंच डोक्यात होतं. पिशवी उचललीसुद्धा. पण त्या वासाकडे पाठ फिरवून मी आयुष्यात कधी खोलीबाहेर गेलेले नाही.

नरसव्वाच्या मदतीने त्याला डाव्या कुशीवर वळवलं, सदरा वर केला. पाठीवर कमरेपाशी तळहाताएवढी जखम, कडा काळ्या, आत पू. सतत उताणं ठेवलेल्या माणसाला असंच होतं. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि मला सुमनची दिसत होती.

"औषध हाय की," म्हणत नरसव्वाने कपाटातून बाटली आणून दिली. स्पिरिट होतं, जवळजवळ भरलेली बाटली.

उघड्या जखमेवर स्पिरिट ओतलं तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. जळतं. माणूस गुरासारखा ओरडतो. नरसव्वाला काही कळलं नसतं. औषध लागलं म्हणून ओरडला, असंच ती म्हणाली असती. मी झाकण काढलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याला काही दिसत नव्हतं. बाटली हातात धरून मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. प्रार्थना वगैरे सुचली नाही. मला ते ओतायचं होतं.

मग मी झाकण लावलं. "पाणी उकळून, मीठ घालून, कोमट करून आणा," मी नरसव्वाला सांगितलं. माझा आवाज इतका कर्कश आला की ती दचकली.

तासभर जखम धुतली. पू काढला, स्वच्छ कापड लावलं. तो एकदाच कण्हला. "दुखतंय का?" मी विचारलं. अकरा वर्षांत त्याला विचारलेला तो माझा पहिला प्रश्न. तो म्हणाला, "सोसतंय."

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे नरसव्वाला करून दाखवायला हवं होतं, म्हणून तीनची गाडी सोडली. मधल्या वेळात तिने मला जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. माझा हात ताटाकडे जाईना. "तिनम्मा," ती हळूच म्हणाली (तेलुगूत, जेव गं बाई). जेवले. चव चांगली होती, हे कबूल करायला मला लाज वाटते.

निघताना मी दारातून त्याला म्हटलं, "ते मघाचं वाक्य मी परत घेते. कशाबद्दल ते तुम्हाला आठवेल, तेव्हा बोलू." त्याने डोळे मिटून घेतले. त्याला सगळं आठवत होतं. मला खात्री आहे.

पाचच्या गाडीने परत आले. चटणी विसरले नाही. चादर मात्र विसरले.

पहिल्या रविवारी प्याला आला. मी हातात धरला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ, आणि शेजारणीकडे सरकवला. उपासना सुटल्यावर आवारात उभं राहून नरसव्वाला फोन लावला.

"कूस बदलताय ना?"

"व्हय की, घड्याळ लावून. जखम लाल झाली, अक्का. भरतीय. लई बरी हाय पाठ आता."

ऐकून मला आनंद झाला. अगदी खरा आनंद झाला, आणि सुमन, मी तिथेच पायरीवर बसून तुझी माफी मागितली.