वरवंट्याची आई

धाकटा झाला तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती. बाळंतपणाला मी तळेगावहून पवनानगरजवळच्या माहेरी गेले होते, तिला घेऊनच. आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. मी, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही. म्हणून थोरलीची समजूतही पद्धतशीर काढायची ठरवलं होतं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. त्यात सांगितल्याप्रमाणे बाळाकडून तिला बाहुली दिली.

"ह्यानं कुटनं आणली?" ती म्हणाली. "ह्याला चालता तरी येतंय का?"

मी पाचवा व्हिडिओ शोधायला घेतला.

त्या दिवसापासून ती मला 'बाळाची आई' म्हणू लागली. जेवण, वेणी, झोप, सगळं आजीपाशी. भाषासुद्धा आजीची. मी मांडी थोपटून बोलावलं की लांबूनच सांगायची, "तितं बाळ बसतं." मी हसण्यावारी न्यायचे, पण ही आता माझ्याकडे येतच नाही की काय, याची खरंच धास्ती वाटायची.

बाराव्या दिवशी बारसं. आमच्यात बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून, काजळकुंकू लावून पाळण्यात ठेवतात. बायकांनी तो पाळण्याखालून हातोहात फिरवला आणि नेमका माझ्या लेकीच्या हाती आला. तिनं तो पोटाशी आवळला.

"ह्योच ठेवा. रडत न्हाई. त्यो दवाखान्यात देऊन या."

बायका हसून लोळल्या. हिनं काही वरवंटा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं पाटा मांडला.

"आगं, मिरच्या कशानं वाटू?"

"हळू बोल आजी. झोपलाय त्यो."

दोन दिवस ठेच्याविना काढले. तिसऱ्या दिवशी आई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला बसली, तर ही शेजारी पाय पसरून, तसाच पायांवर वरवंटा घेऊन त्याला तेल चोळायला लागली.

"तुजं बाळ लय गुटगुटीत गं," आई म्हणाली. "काय चारतीस?"

"भाकर."

उत्तर तोऱ्यात होतं, पण नडग्या लाल झाल्या होत्या. जरा वेळानं तो तेलकट धोंडा कसाबसा उचलून ती माझ्यापाशी आली.

"बाळाची आई, ह्याला धर जरा. पाय दुकलं."

मी घेतला. मांडीवर ठेवून थोपटला. एवढी अक्कल कॉलेजातही मिळते. ती थोडी घुटमळली. मग वरवंटा एका बाजूला ढकलून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि तेलाचे हात माझ्या गाऊनला पुसले.

तेवढ्यात आईनं न्हालेलं बाळ आणून पुढं धरलं, रडून लालबुंद झालेलं. माझ्या दोन्ही मांड्या भरलेल्या. लेकीनं भावाकडं पाहिलं, वरवंट्याकडं पाहिलं.

"वरवंटा खाली ठेव," तिनं हुकूम केला. "त्याला तितं घे. ही बाजू माजी हाय."