खटका पाडणारे गफूरमामा

गफूरमामांची आणि माझी पहिली भेट शिडीवर झाली. कळंबच्या या शाळेत संगणक शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. जुन्या इमारतीच्या कार्यालयात सर्व्हर बसवायचा, दोन्ही इमारतींना जोडणाऱ्या पत्र्याच्या व्हरांड्यातून केबल ओढायची आणि नव्या इमारतीतल्या वर्गांना जोडणी द्यायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी शिडीवर होते, शाळेचे शिपाई असलेल्या मामांनी खाली शिडी धरली होती. तार कुठवर जाते, तिच्यातून काय जातं, असं ते विचारत होते. मी तुटक उत्तरं दिली. शिपाई म्हणजे घंटा आणि किल्ल्या, एवढीच माझी तेव्हाची समज.

मामांचं काम मात्र चोख. शाळा सुटली की ते खिडक्या लावत, प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघत आणि शेवटी जुन्या इमारतीचा मेन खटका पाडत. पूर्वी तिथं शॉर्टसर्किट होऊन दप्तराचं कपाट जळालं होतं. तेव्हापासून हा नेम त्यांनी एक दिवसही मोडला नव्हता. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

दिवसभराच्या माहितीची दुसरी प्रत शाळा सुटल्यावर आपोआप निघावी, अशी सोय मी केली होती आणि तिच्यावर मी भलतीच खूश होते. इकडे मामा खटका पाडत, यूपीएस थोडा वेळ तग धरी आणि प्रत निघण्याआधीच सर्व्हर बंद पडे. सकाळी तो बंद दिसला की मी कधी लोडशेडिंगला, कधी वीजजोडणी करून गेलेल्या गुत्तेदाराला बोल लावी. प्रत खरंच निघते का, हे मी एकदाही उघडून पाहिलं नाही. दहावीचे अंतर्गत गुण बोर्डाकडे पाठवायच्या आदल्या आठवड्यात सर्व्हरची हार्डडिस्क गेली आणि तिच्यासोबत गुणही गेले. प्रत शोधायला गेले, तर एकही नव्हती.

माझी नेमणूक अजून कच्ची होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांसमोर विचारलं की याला जबाबदार कोण. यांना पुढे ठेवायचं की नाही, तेही आजच ठरवू, असं ते म्हणाले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभे असलेले मामा पुढे आले.

“साहेब, खटका म्या पाडतो रोज. बाईंचा कसूर न्हाय.”

निवृत्ती तोंडावर आलेली असताना त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि मला स्वतःच्या सामानाच्या कपाटाकडे नेलं. संगणक आलाय, आता गुणांचे कागद रद्दीत टाका, असं फर्मान मीच काढलं होतं. पण लेकरांची नावं असलेला कागद मामा वर्ष सरेपर्यंत रद्दीला देत नसत. वर्गवार गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले होते. मामा नावं वाचत गेले, मी गुण भरत गेले. मुदतीआधी काम झालं.

पुढे सर्व्हरसाठी वेगळी लाईन घेतली. तिच्या खटक्यावर मामांनी स्वतःच्या अक्षरात पट्टी चिकटवली: ‘हा पाडायचा न्हाय’. ती अजून आहे. मीही अजून आहे, कायम होऊन.

मामांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून शाळेचा हा गौरव अंक निघतोय, याचा मला मनापासून आनंद आहे. तेव्हा त्या खोलीत बोलायचं राहिलेलं इथं लिहिते. मामा, तुम्ही तुमचं काम बरोबर करत होता. ही इमारत बंद कशी होते, हे शिडी धरणाऱ्या माणसाला विचारायची मला गरज वाटली नाही. कसूर माझा होता आणि गप्प बसले याची लाज आजही वाटते.

मामांनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे शाबूत राहावेत आणि संध्याकाळी व्हरांड्यात येऊन त्यांनी आमची कुलपं ओढून बघावीत. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. मामांच्या सेवापुस्तकात ती ताकीद जिथं लावली आहे, तिथंच हा लेखही लावावा, माझ्या सहीनिशी.