शकूताईचे अळणी दिवस

छुम्. छुम्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा छुम्.

शकूताईच्या पैंजणांचा ताल असा बिघडला, आणि आमच्या घरात संशय शिरला.

आज सकाळी ताई गेली. नव्वदी ओलांडून, झोपेत. परवाच फोनवर शाळेतली अख्खी कविता चालीवर म्हणाली होती.
म्हणून लिहितोय. एरवी मी इथे फुलांचे फोटो टाकणारा म्हातारा.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. आम्ही वाशीमजवळच्या अनसिंग गावी. ताई नऊ वर्षांची, मी सहाचा.

तिला फेफरं यायचं. वाशीमच्या डॉक्टरांनी ब्रोमाइडचं औषध दिलेलं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवलेली.

जोडीला गंगूआत्या देवीला नवस बोलली: पोरगी बरी होईस्तोवर अळणी जेवेल. मिठाचा कणही नाही.

फिट्स खरंच कमी झाल्या. देवी पावली म्हणून आत्यानं नारळ फोडला.

आणि मग ताई चालताना भिंत धरू लागली. हातातला पेला हिंदकळू लागला. जीभ जड झाली. कवितेची यमकं तिच्या तोंडातच विरघळायची.

हे फेफरं नव्हतं. मग काय होतं?

आत्याची नजर समोरच्या घराकडे वळली. तिथं बांगड्या विकणारी जमीलाचाची राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, आणि ताई दुपारभर तिच्याचकडे असायची.

"तिनंच काईतरी चारलं पोरीले," आत्या म्हणाली.

"थे काहून चारीन?" आई.

"वांझोटीच्या मनातलं तुले दिसते का?"

पण त्या दिवसापासून आईही उंबरठ्यावर कोणी काही करणी करून टाकलंय का ते न्याहाळून मगच सडा टाकायची.

ताईला बाहेर जायची बंदी. चाची दारात येऊन विचारायची, "बेटी कशी हाय?" आत्या तिच्या तोंडावर दार लावायची.

मी खिडकीतून चाचीच्या हातांकडे बघत बसायचो. त्यात काय लपलंय ते शोधत.

बंदीनंतर ताई आणखीच खचली. उभं राहवेना. मला मारलेली हाक मलाच कळेना.

शेवटी बाबांनी बैलांची दमणी जुंपली. वाशीमला मीही गेलो.

डॉक्टरांनी तिला दोन्ही हात धरून उभं केलं, जीभ पाहिली, डोस विचारला. डोस बरोबर होता.

"जेवायला काय देता?"

"अळणीच साहेब. एक दिवस चुकलो नाई," बाबा मान ताठ करून म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मीठ नसलं की हे औषध अंगातून बाहेर पडत नाही. साचत जातं. औषधच चढलंय हिला. ते बंद करा आणि आजपासून मीठ द्या."

घरी आल्याबरोबर बाबांनी स्वतः ताईच्या ताटात मीठ वाढलं.

हळूहळू ताईची जीभ सुटली. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "चाची कैरीले मीठ लावून देत होती मले. कोणाले सांगू नको म्हणे."

आत्याचा घास हातातच राहिला.

म्हणजे बंदी घालून आम्ही बंद केलं ते तिला मिळणारं तेवढंच मीठ.

दुसऱ्या दिवशी मी चाचीच्या घरात होतो. ती विचारत होती, "मले कोणी काई सांगतच नाई रे. चालते का बेटी?"

तेवढ्यात दारातला उजेड अडला.

जन्मात त्या घराची पायरी न चढलेली गंगूआत्या. हाताला धरून ताई.

"सरक जमीला," आत्या म्हणाली. "पोरगी चालून थकली. बसू दे."

ताई, नीट जा.
तुझ्या धाकट्याचा नमस्कार.