डावीकडचा खोकला

हेडफोन हातात आला की माधवअण्णा तो आधी कानाला लावत नसत. कानावर बसणारी गादी अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच चोळून बघत. बंगळुरातल्या चिकपेटेत त्यांच्या घराण्याचं साड्यांचं दुकान. आयुष्य तिथे गेल्यावर बोटांना दुसरं काही सुचणार नव्हतं. "दोन तास अंगावर राहणार," ते म्हणत. "आधी कापड बघायचं. आवाज मग."

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि मल्लेश्वरममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो, तेव्हा ते दुकान मुलावर सोपवून नुकतेच घरी बसले होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण तिच्यात कानडी सहज मिसळलेली: 'ठीक'च्या जागी 'सरी', 'जरा'च्या जागी 'स्वल्प'. मला नवा हेडफोन घ्यायचा होता आणि त्यासाठी मी इंटरनेटवर बराच अभ्यास केला होता. तो अभ्यास त्यांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला: आवाज उबदार आहे, खोल आहे, पारदर्शक आहे.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ही भाषा आमची," ते म्हणाले. "गिऱ्हाईक उठायला लागलं की आम्ही हेच बोलतो. आणि पारदर्शक म्हणशील तर तसलं कापड मी कुणाला नेसायला देत नाही."

त्यांची स्वतःची कसोटी एकच होती. कुणाच्या तरी दिवाणखान्यात झालेल्या एका जुन्या मैफिलीचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होतं. मधे गायिका, दोन्ही बाजूंना तानपुरे, आणि विलंबित ख्याल रंगात येताना अगदी डावीकडे कुणीतरी खोकतो. तो खोकला आला की अण्णांची मान डावीकडे वळायची. ज्या हेडफोनमध्ये मान वळली नाही, तो परत. "गाणं सगळेच ऐकवतात," ते म्हणत. "माणसं कुठे बसलीत ते कळायला पाहिजे."

हे सगळं ते एकटेच ऐकत. गाणं दोघांत वाटून घेण्याची वस्तू नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या पत्नी, सरोजाअक्का, कॉफीचा पेला समोर ठेवून त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारत आणि निघून जात. त्या घरात दुपारचा बराचसा संवाद एवढाच असे.

हळूहळू माझ्या हेब्बाळच्या ऑफिसातली मंडळीही सल्ल्याला येऊ लागली. एकाची तक्रार होती की नव्या हेडफोनची उजवी बाजू दबली आहे. अण्णा म्हणाले, "उलटा घाल." त्याने डावी बाजू उजव्या कानावर घातली. तरी उजवीकडेच दबलेलं. "सरी. दोषाने बाजू बदलली असती तर तो हेडफोनचा. आता तुझा. दुकानात नको, डॉक्टरकडे जा." त्याच्या कानातून बराच मळ निघाला. त्यानंतर 'उलटा घाल' हे वाक्य आमच्या ऑफिसात संगणक बिघडला तरी म्हटलं जाई.

मागच्या वर्षी अण्णांनी नवा हेडफोन घेतला. बाहेरचा गोंगाट कापणारा. चार दिवसांनी मी खाली गेलो तर ते तो डब्यात भरत होते.

"खोकणारा माणूस कापला यांनी," ते म्हणाले. "गोंगाट म्हणजे रस्त्यावरचा. मैफिलीत बसलेल्याला उठवायला यांना कुणी सांगितलं?"

दुसरा आणला. त्यातही खोकला नव्हता आणि डावीकडचा तानपुराही लांब गेला होता. तिसरा आणला, तोही तसाच. अण्णांनी या काळातल्या सगळ्या कंपन्यांविषयी एक सिद्धांत मांडला आणि तो मला पटलाही. कान जरा जड वाटतो, असं मधे एकदा म्हणाले होते. पण बंगळुरात सर्दी कुणाला नसते.

चौथ्या हेडफोनची गोष्ट निघाली तेव्हा अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, उलटा घालून बघितलात का?"

अण्णांनी तिसराच हेडफोन पुन्हा उचलला आणि उलटा घातला. आम्ही बघत होतो. ठरलेली जागा आली, आणि त्यांची मान उजवीकडे वळली.

"सरी," ते म्हणाले, आणि हेडफोन टेबलावर ठेवला.

डाव्या कानाची नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवसांत आला असतात तर औषधाला वाव होता. आता काही परत येणार नाही. ते दिवस अण्णांनी दुकानदारांशी भांडण्यात घालवले होते. घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक कापडाला नावं ठेवतं तेव्हा मी त्याचा चष्मा बघायचो."

हेडफोन माळ्यावर गेले. कित्येक महिने अण्णा नुसतं वर्तमानपत्र वाचत. मग एका दुपारी वर येऊन म्हणाले, "चल, एक हेडफोन घ्यायचाय."

दुकानदाराने उत्तमोत्तम बिनवायरचे समोर मांडले. अण्णांनी एकाचीही गादी चोळली नाही. त्यांना कानात घालायचा, साधा, वायरवाला हवा होता. पाकिटं उघडायला लावून त्यांनी प्रत्येकाची वायर ताणून पाहिली: एका वायरीच्या दोन जिथे होतात ती जागा किती खाली आहे. आवाजाबद्दल एकही प्रश्न नाही.

"ही स्वल्प आखूड," ते म्हणाले. "दोन माणसं बसली पाहिजेत."

घरी मी त्यांच्या मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दिला, म्हणजे एकाच कानात सगळं येईल. अण्णांनी एक टोक उजव्या कानात घातलं. अक्का पदराला हात पुसत आल्या, "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत त्यांच्या उजवीकडे बसल्या, आणि दुसरं टोक त्यांनी घेतलं. मी उभाच होतो. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने अक्कांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, कोण खोकतंय हे?"

अण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "अजून एकदा खोकेल."