दहाव्याच्या घाटावरची पाण्याची बाटली

पारशिवनीकडच्या नदीघाटाचं ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात हवालदार होते.

एका गावात दहाव्याच्या जेवणानंतर माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी पडली. एक म्हातारा दगावला. गावकऱ्यांनी आचाऱ्यालाच धरून ठाण्यात आणलं. उरलेलं अन्न फेकून दिलेलं, म्हणजे तपासायला काही नाही. घाटाच्या पाण्याचा अहवाल मात्र आला होता, आणि पाणी स्वच्छ होतं. साहेब म्हणाले, "मग राहिला आचारी. उद्या कोर्टात हजर करा."

आचाऱ्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मला म्हणाली, "बाई, वरण तं म्याबी खाल्लं. मले काहून नाही झालं?"

"तू त्याची बायको. तुझं कोण ऐकेल?"

"माहं नोका ऐकू. गावातल्या बायांले तं इचारा!"

बायकांचे जबाब कोणी घेतलेच नव्हते. मी घरोघर गेले. सगळ्या जेवलेल्या, सगळ्या ठणठणीत. आजारी होते ते सगळे पुरुष. त्या गावात दहाव्याला घाटावर फक्त पुरुष जातात आणि नदीत डुबकी मारतात. एक जावई तर डुबकी मारून न जेवताच बसने गेला होता. तोही दवाखान्यात होता.

मग पाणी स्वच्छ कसं?

नमुन्याची बाटली भरून आणायला ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे दिली होती. त्याला बोलावलं.

"पाणी कुठून भरलं?"

"घाटावरूनच बाई, मायची आन."

"कसं भरलं?"

तो खूश झाला. "मस्त भरलं! बायकोनं पाणी उकळलं, फडक्यानं गाळलं, गार केलं, मंग भरलं. नागपूरले साहेब लोकांकडे पाणी चाललं, गढूळ पाठवू का? गावाची इज्जत हाय न."

"अरे बाबा, ते तपासायला चाललं होतं!"

"हो न. नापास झालं असतं तं?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. दुसरी बाटली पंचांसमोर, पुरुष डुबकी मारतात तिथूनच भरली आणि सील केली. अहवाल आला: पाण्यात मैला. वरच्या अंगाला एका ढाब्याने संडासाचा पाइप गुपचूप नदीत सोडला होता. ढाबेवाल्यावर गुन्हा दाखल झाला, घाट बंद झाला, आचारी सुटला.

शिपाई खोटं बोलला नव्हता. मीच आधी फक्त 'कुठून' विचारलं होतं. पुढे नोकरीभर मी 'कसं' विचारल्याशिवाय जबाब संपवला नाही.

सुटका झाली तरी आचाऱ्याला कोणी बोलवेना. शेवटी एका घरच्या दहाव्याला त्याने रांधलं, तेव्हा मी मुद्दाम गेले. पानं वाढलेली, पण कोणी हात लावेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी भात कालवला आणि खाल्ला.

"वरणात मीठ जास्त झालंय," मी त्याला सांगितलं.

मग बाकीचे जेवायला लागले.