जमुनाबाईची पांढरी छतं

जमुनाबाई पटले फुलचूर गावातल्या एका गल्लीत राहायला आली तेव्हा घरामागे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं होती. नवरा लवकर गेला. सौंदडजवळ माहेर होतं, पण भावाच्या दारात जायचं नाही असं तिनं ठरवलं आणि पोताईचं काम धरलं. लोकांच्या भिंतींना चुना, रंग मारून तिनं एकुलत्या टिकेशला वाढवलं, आयटीआय शिकवलं. तोवर बांध्यांचे प्लॉट झाले होते आणि प्लॉटांवर स्लॅबची घरं उठली होती. टिकेश लाइनमन झाला. ठेक्यावर होता, पण आपल्याच भागात.

उन्हाळा आला की त्याचे हाल सुरू. गल्लीत आधी कूलर आले, मग घरोघरी एसी. भर दुपारी सगळे एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मर दम टाकायचा, आणि लोक थेट टिकेशच्या दारात. जेवता जेवता उठून जायचा. परत आला की अंगणात डोक्यावर पाणी ओतत बसायचा.

"एवढा करंट कायले लागते रे लोकायले?" जमुनाबाईनं एकदा विचारलं.

"लोकायचं काय चुकलं, माय? घरच तापते. दिवसभर स्लॅब ऊन पितो अन् रातभर ओकतो. मंग एसी नाही लावन तं काय करन माणूस?"

कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये त्यानं ऐकलं होतं की छत पांढरं केलं की घर कमी तापतं. एका सकाळी दोघं मायलेक स्वतःच्या छतावर चढले. तिनं चुन्यात गोंद कालवला, त्यानं कुंचा ओढला. तिला त्याचं काम पसंत पडेना. "भिंत नाही पुसायची बाबू, भरून मार," असं ती म्हणाली आणि तो हसत सुटला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या खोलीत दुपारी नुसत्या पंख्यावर झोप लागू लागली. टिकेश खूश. सगळ्या गल्लीची छतं अशीच करायची, म्हणजे लोड कमी होईल, बिलंही कमी येतील आणि आपल्याला भर उन्हात खांबावर चढावं लागणार नाही, असं तो दारोदार सांगत फिरला.

लोक हसले. किराणा दुकानवाला कैलाश म्हणाला, "अरे भाऊ, छतावर चुना मारला तर घर गरिबाचं दिसेल ना!"

पुढच्या मे महिन्यात दुपारी वीज गेली. शेजारच्या नीतूचं बाळ तान्हं होतं, घामोळ्यांनी रडून लाल झालेलं. तिनं टिकेशला फोन केला. "दादा, पाहा ना हो, लेकरू लई तडफडून राहिलं." टिकेश ताटावरून उठला. जमुनाबाई म्हणाली, "ऊन उतरू दे बाबू." तो म्हणाला, "आलोच माय, ताट झाकून ठेव."

त्यानं ट्रान्सफॉर्मरचा मेन स्विच पाडून लाइन बंद केली आणि खांबावर चढला. खाली दहा-बारा जण जमले होते. लवकर कर म्हणून कुणीतरी ओरडत होतं. त्याच वेळी गल्लीतल्या कुठल्यातरी घरात जनरेटर सुरू झाला. लावणाऱ्याकडून त्या घरची लाइन बाहेरच्या लाइनपासून तोडायची राहून गेली आणि जनरेटरचा करंट उलटा खांबावर गेला. बंद म्हणून धरलेली तार जिवंत झाली.

जमुनाबाई पोहोचली तेव्हा त्याला खाली उतरवून कुणाच्या तरी चटईवर ठेवलं होतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याच्या तोंडावर सावली धरली. दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी तो आधीच गेल्याचं सांगितलं.

जनरेटर कुणाचा, हे कळलं नाही. चौकशीला माणसं आली, तेव्हा एकाही घरात जनरेटर दिसला नाही. भरल्या गल्लीत कुणी तोंड उघडलं नाही.

दिवाळी आली, पण जमुनाबाईनं कुंचा हातात घेतला नाही. रोज संध्याकाळी नीतू डब्यात भाजी घेऊन यायची, ठेवायची, जायची. फोन आपण केला होता, हे तिच्या मनातून जात नव्हतं. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एक दिवस ती तिथंच बसून राहिली.

"काकू, माह्या छताले चुना मारून देता का?"

"आता कायले?" जमुनाबाई कडाडली. "तो सांगत होता तवा कुठं गेल्ते सगळे?"

नीतू खाली मान घालून रडत राहिली. जमुनाबाईनं तिला रडू दिलं. मग उठून कोपऱ्यातली चुन्याची बादली ओढली.

नीतूचं छत झालं. ते पाहून शेजारणीनं बोलावलं, मग पलीकडच्या घरानं. जमुनाबाई हो म्हणत गेली. पण प्रत्येक जिन्यावर तिचा पाय अडायचा. याच घरात तर तो जनरेटर नव्हता? ज्या बाईनं आपल्याला चहा दिला, तिच्याच माणसानं तर बटण दाबलं नव्हतं? कप तसाच ठेवून ती वर जाई आणि भरून भरून कुंचा मारी.

शेवटी कैलाशनंही बोलावलं. ती छतावर काम करत होती. तो वर आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काकू, उस दिन... त्या दिवशी..."

"कैलाश, चूप राय."

"नाही काकू, बोलू द्या मला."

"तू बोलशीन अन् मोकळा होशीन. मी कुठं जाऊ?" तिनं कुंचा बादलीत आपटला. "मले याच गल्लीत राहाचं आहे. पोट्टा इथंच गेला माहा. जाय, खाली जाय."

तो हात जोडून तसाच बसून राहिला. तिनं त्याच्याभोवतीची जागा सोडून बाकीचं छत पांढरं केलं आणि जिना उतरली.

त्या उन्हाळ्यात बऱ्याच घरांचे एसी दुपारी बंद राहू लागले. ट्रान्सफॉर्मर टिकला. फक्त एकदा, लग्नाच्या मंडपाचा लोड आला तेव्हा फ्यूज गेला. ऊन उतरल्यावर नवा लाइनमन आला, खुशाल नावाचा, चाळिशीचा. तो खांबाकडे निघाला तशी जमुनाबाई घरातून बाहेर पडली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "कोनी जनरेटर लावन तं पाहा!" मग ती दारोदार गेली. प्रत्येक घरात डोकावली. कैलाश आपल्या दुकानाबाहेर मान खाली घालून उभा होता.

खुशालचं काम होईपर्यंत ती खांबाखाली वर बघत उभी राहिली. तो उतरला. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले, बोटं एकेक चाचपली. तो गोंधळला.

"काय झालं, माय?"

टिकेशचीच ती हाक ऐकून ती खांबाखालीच बसली आणि रडू लागली. टिकेश गेल्यापासून गल्लीनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. खुशालचे हात तिनं सोडले नाहीत. घराघरांत पंखे फिरू लागले होते, पण दारांत उभी असलेली माणसं आत गेली नाहीत.