ताईचा पंप

टिटवाळ्याला ताईच्या सासरी नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. बंद हॉलमध्ये होम पेटलेला. ताई नवऱ्याशेजारी पाटावर. धूर थेट तिच्या तोंडावर येत होता. आधी खोकला, मग छातीतून ती बारीक शिट्टी. मला ती लहानपणापासून ओळखीची. दमा आम्हा दोघी बहिणींना.

मी तिच्या पर्समधून पंप काढून तिला दिला. सासूबाईंनी तो सगळ्यांसमोर तिच्या हातातून ओढून घेतला.

"चारचौघांत हे तोंडाला लावणार? होमाचा धूर सगळ्यांना चालतो, हिलाच तेवढा बाधतो!"

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. माझी आई उठली, विहीणबाईंपुढे हात जोडून म्हणाली, "चुकलं तिचं." लग्न ठरवताना आम्ही दमा लपवला होता. त्याचीच ती माफी होती.

त्यानंतर सासूबाईंनी ताईचा रोजचा पंपही बंद केला. "दम लागत नाही ना आता? मग कशाला? सवय लागते त्याची." दम लागत नाही तो त्या पंपामुळेच, हे ताई त्यांना सांगत राहिली. धूप, कापूर, गादीतली धूळ, भिंतीची ओल, आपल्याला कशाने त्रास होतो हे तिला नेमकं ठाऊक होतं. त्या घरात त्याला नखरे म्हणत.

हिवाळ्यात दम लागून ती गेली. पंप सासूबाईंच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं.

पुढे कोपरला आमच्या घरी मला बघायला आले. मुलाच्या आईने विचारलं, "मुलीला काही आजारबिजार?"

"छे, छे," आई म्हणाली.

मुलाच्या मामांच्या अत्तराने माझी छाती आवळत आली होती. मी पंप काढला. हलवला. सगळ्यांसमोर घेतला. श्वास रोखून धरला, सोडला.

"मला दमा आहे."

मामा भाच्याला म्हणाले, "काय रे, बायको बघायला आलोय की सिलिंडर?"

मुलाची आई उठली. "आधी सांगायचं की. रविवार फुकट घालवला आमचा."

ते गेल्यावर आई रडली. "आता तुला कोण करून घेणार?" मी तिला पाणी दिलं.

ताईला दम्याने नेलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी तसं सांगणार नाही. औषध होतं. घरातच होतं. ते तिच्या हातातून काढून घेतलं. यापुढे स्थळ येवो न येवो, जो विचारेल त्याला मी हे असंच सांगेन, त्या घराचं नाव घेऊन. आणि आम्ही लपवलं, हेही.